पहाडातली केळ

केळीच्या खोडाला तो उलटा हात लावून बघायचा, लेकराचा ताप बघतात तसा. मग म्हणायचा, "ताप न्हाई." तुम्ही हसाल. आम्हीही हसलो होतो.

तीर्थपुरीला माझ्या उसाला लागून त्याचं रान. पोरगा दूर पहाडात नोकरीला. पावसाळ्यात त्यानं बापासाठी केळीचं पिल्लू आणलं, ओल्या गोणपाटात गुंडाळून. ही जात म्हणे बर्फातही जगते.

"बर्फ सोसंल," मी म्हणालो, "पण आपला वैशाख? चिपाड व्हईल तिचं."

"अन् जगली तर, पाटील?"

"तर म्हणीन, माझं चुकलं."

मी चौथीपर्यंत शिकलो. हे दोन शब्द त्यात नव्हते.

पौषात गारठा पडला, तर यानं केळीभोवती पाचट पेटवून धूर केला. आपल्याकडे केळीवाले करतातच.

"अरे, ती बर्फातली. तिला कशाला शेक देऊन राह्यला?"

"पाव्हणी हाय. घरचा रिवाज नको का पाळायला?"

उन्हाळा लागला तसं बायकोचं लुगडं भिजवून केळीवर सावली धरायला लागला. बायको म्हणायची, "मला कधी छत्री घेतली न्हाई यानं." चैत्रात पानांच्या कडा करपल्या. मी बांधावरून रोज बघायचो, खुशीत.

ऐन वैशाखात पोरानं दोघांना तिकडं नेलं, याच्या गुडघ्यांच्या इलाजाला. जाताना माझ्याकडे आला. म्हणाला, "पाणी तेवढं घाल, पाटील."

ज्याला हरवायचं, त्याच्याच हाती कळशी दिली यानं. दोन दिवस पाणी चुकवलं असतं, तर मीच जिंकलो असतो. कुणी विचारलंही नसतं. पण झाड तहानलेलं ठेवून जिंकणारा मी न्हाई. दोन्ही वेळा घातलं. लुगडंही भिजवलं.

मृगात त्याचा फोन आला. "जगली?"

"जगली."

"मंग?"

"माझं चुकलं."

"रेंज न्हाई, पाटील. पुन्हा म्हण."

लबाडानं तीनदा म्हणायला लावलं. मग म्हणाला, "इथं लई थंडी हाय गड्या. मला सोसंना."

"शेक घे. पाव्हणा हाईस."

त्या हिवाळ्यात तो तिकडंच वारला.

केळीला पुढं घड आला. नुसत्या बिया, खायच्या कामाचा न्हाई. पण बुडाला पाच पिल्लं आहेत.

यंदाही पौषात मी पाचट पेटवलं. गरज न्हाई, मला ठाऊक आहे. रस्त्यानं जाणारे हसतात. हसू द्या. धूर निवल्यावर खोडाला उलटा हात लावून बघितला.

ताप न्हाई.