वयनींनी निवडलेलं मीटर

वयनी माणसाच्या शब्दावर चटकन विश्वास ठेवायच्या, मीटरच्या मात्र मुळीच नाही. नवं मीटर हातात आलं की त्याला उलटंपालटं करून, चष्मा कपाळावर चढवून त्या बारीक अक्षरं वाचत बसायच्या. मुलीला स्थळ आलं तरी कुणी एवढी चौकशी करत नसेल! "फट मारता काय तो, पयलीं तें पळोवया," म्हणजे थापा मारतो का ते आधी बघू, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

डिचोलीत आमचा खनिज धुण्याचा प्लँट होता. तिथल्या त्या इलेक्ट्रिकल इंजिनियर. सासर पेडण्यातलं, पार्सेचं. त्यांचा धाकटा दीर आमच्या वर्कशॉपात फिटर होता. तो वयनी म्हणायचा, म्हणून सगळा प्लँट वयनी म्हणू लागला, मॅनेजरसुद्धा. मी त्यांच्या हाताखाली सुपरवायझर, सिंधुदुर्गातून आलेला. माझा पाठचा भाऊ सुरेश तिथेच खालच्या पंपावर होता. त्याच्या पायाखाली बारा महिने पाणी, आणि हात कायम पंपावर. घरी आई मला एकच बजावायची, "त्याच्यावर लक्ष ठेव रे बाबा."

आमच्याकडे अर्थिंग म्हणजे खड्डा, अशी सगळ्यांची पक्की समजूत. तपासणीला कुणी येणार म्हटलं की आदल्या दिवशी खड्ड्यात मीठ टाकायचं, घागरी ओतायच्या. रीडिंग फक्कड! वयनींना याचा भयंकर राग. त्या म्हणायच्या, "बांयत उदक आसा म्हण बांयची वाट बरी आसा अशें न्हय." बांय म्हणजे विहीर. तार सुटून मोटरच्या अंगाला लागली, तर वीज मोटरला जोडलेल्या अर्थपट्टीवरून परत ट्रान्सफॉर्मरपर्यंत इतक्या जोरात गेली पाहिजे की फ्यूज त्याच क्षणी उडावा. मधे कुठे अडली, तर फ्यूज उडत नाही आणि पंपाला हात लावणारा माणूस जातो. ती सबंध वाट मोजणारं मीटर आपल्याला हवं, म्हणून त्या मॅनेजरच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या.

अखेर दोन विक्रेते आपापली मीटरं घेऊन आले. एक मीटर खिशात मावणारं, देखणं. दुसरी जाडजूड केबलींची धोंड्यासारखी जड पेटी. मॅनेजरसाहेब छोट्यावर फिदा झाले, आणि खरं सांगायचं तर मीही, कारण पेटी वाहायची कुणी? वयनींनी दोन्ही मीटरं ट्रान्सफॉर्मरशेजारच्या मोठ्या पॅनेलवर नेली. आधी केबलीत स्वतःचा फ्यूज आहे का, अशा पॅनेलवर लावायला मीटर चालतं का, ते पाहिलं. म्हणाल्या, "मेजपी मनीस पयलीं जगपाक जाय." मोजणारा आधी जगला पाहिजे, असा त्याचा अर्थ. मग एकाच जागी पुन्हापुन्हा मोजलं. पेटी दर वेळी एकच आकडा दाखवी. छोटं मीटर दर वेळी नवाच.

"मॅडम, एवढा फरक चालतो," छोट्याचा विक्रेता म्हणाला.

"रस्तो विचारलो आनी दर फावट वेगळो सांगलो, तर तो मनीस त्या गांवचो न्हय," वयनी म्हणाल्या. पण उगाच हिणवलंही नाही. छोट्या मीटरने मोजताना वर्कशॉपातला, जराशी वीज गळली तरी पडणारा, गळतीचा ब्रेकर पडत नव्हता, पेटीने मात्र धाडकन पडायचा. "वर्कशॉपाक तो बरो. हांगा ना," असा त्यांनी निवाडा दिला. मॅनेजर मानेनात. दोन्ही मीटरं सणापुरती ठेवून घेतली.

सण म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी यंत्रांची काय ऐट! धुऊन, रंगवून, झेंडूचे हार घालून प्रत्येक मोटर नवरीसारखी सजवायची. सुरेशने आपला पंप असा काही रंगवला की लोक मुद्दाम बघायला आले. दुसऱ्या दिवशी प्लँट सुरू व्हायचा होता, धक्क्यावर खनिज न्यायला बार्ज लागली होती, मॅनेजर घड्याळ बघत होते. आणि वयनी पंपापाशी उभ्या. "मेजल्याबगर सुरू जावचो ना."

छोट्या मीटरने एकदा बरा आकडा दाखवला, एकदा वाईट. "पहिला धरा की!" मॅनेजर म्हणाले. वयनींनी मला पेटी लावायला सांगितली. पेटीने वाईटच आकडा दाखवला, आणि प्रत्येक वेळी तोच. अर्थपट्टीचा बोल्ट उघडून बघतो तर आत हिरवागार रंग! सुरेशने हौसेने बोल्ट काढून पट्टीही रंगवली होती, आणि वर परत बोल्ट आवळला होता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. थोडीशी वीज बोल्टच्या आट्यांमधून कशीबशी जात होती, मोठी जाणं शक्यच नव्हतं. बिचाऱ्याचं तोंड उतरलं. वयनी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "रंग बरो काडला रे. पूण व्हंकलेक सजय, पट्टेक नाका." व्हंकल म्हणजे नवरी. पट्टी घासून लखलखीत केली, पुन्हा मोजलं, मगच पंप सुरू झाला. पेटी विकत घेतली गेली. मॅनेजरांनीच सही केली, तीही मान खाली न घालता, हसत. तेही दिलदार गृहस्थ.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सुरेश ओल्या पायांनी तणतणत वर आला. "वयनी, तुमच्या पट्टीन माझो फ्यूज खाल्लो! पंप बंद पडलो!"

आतली तार जळून मोटरच्या अंगाला लागली होती. वयनींनी विचारलं, "तुजो हात खंय आसलो?"

"पंपार. खंय आसतलो?"

वयनी त्याचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. तेव्हा कुठे सुरेशला समजलं.

पुढे खाणी थांबल्या, प्लँट बंद झाला. निरोपाच्या दिवशी वयनींवर भाषणांचा पाऊस पडला. पहिली बाई इंजिनियर, शिस्त, कर्तृत्व, सगळं झालं. शेवटी सुरेश उठला. आयुष्यात कधी माईक न धरलेला माणूस. म्हणाला, "मी सुरेश. पंपावरचो. मी जितो आसय." आणि खाली बसला.