कौसाच्या चोळीची बाही

चोळी पाहुण्यांसाठी होती. पाहुणे कौसाला बघायला दोन दिवसांनी यायचे होते. आणि मी — वय वर्षं सतरा, अक्कल त्याहून कमी — आत्याबाईंच्या — माझ्या सासूच्या — पेटीतून ती चोळी चोरून काढली, नणंदेच्या अंगात चढवली आणि तिला गुऱ्हाळात मिरवायला नेलं. लोकांनी माझं शिवण बघावं म्हणून.

एवढा मूर्खपणा मी केव्हाच कबूल केलेला आहे. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. खरं सांगू का, त्याच्याच आड मी इतकी वर्षं लपून बसले. लहान चूक आपणच पुढं केली की मोठी कुणी विचारत नाही. ती मोठी मी कुणाला सांगितलेली नाही — नवऱ्याला नाही, लेकांना नाही. सोनारीला भैरवनाथापुढं उभी राहिले की दर खेपेला वाटायचं, निदान याला तरी सांगावं. पण तिथंही तोंड उघडलं ते प्रसादापुरतंच.

मग आता नव्वदी उलटल्यावर का सांगायला बसले? राग आला म्हणून.

मागच्या महिन्यात आमच्या दारासमोर, ढोकीच्या रस्त्यावर, नातू मोटरसायकलवरून पडला. पाय रक्तानं भरलेला. दवाखान्याची गाडी आली, तिच्यातून एक एवढीशी पोरगी उतरली — डॉक्टर. तिनं कुणाला काही विचारलं नाही. कात्री काढली आणि पँट खालून वर सरळ उभी कापत नेली. शर्ट कापला. कमरेचा करगोटासुद्धा कापला. आणि आमच्या सूनबाई काय म्हणाव्यात? "अहो मॅडम, नवी पँट आहे, हळूच काढता येईल की!" करगोटा तुटला तेव्हा तर त्यांनी कपाळालाच हात लावला — म्हणे अपशकुन! तिथं नातवाचा पाय, आणि इथं पँटीचं सुतक!

मी ओसरीवरून ओरडले, "काप गं बाई, काप! ह्यांना काय विचारतीस?" इतक्या जोरात, की नातवाला सोडून सगळे माझ्याकडंच बघायला लागले. नातू आता चालतो. सूनबाई अजून घुश्श्यात आहेत. राहू द्या. त्यांना वाटतं, म्हातारी त्यांच्यावर ओरडली. थोडी ओरडलेही असेन. पण खरं तर मी एका सतरा वर्षांच्या भवानीवर ओरडत होते, आणि ती समोर नव्हती.

तर त्या भवानीचं सांगते.

निजामाचं राज्य होतं, लढाईचे दिवस, कापड कंट्रोलवर. आमचं घर शिंप्याचं, आणि शिंप्याच्या घरात शिवायला कापड नाही! लोक एकच लुगडं धुऊन, अर्धं वाळवून नेसायचे. अशात मामंजींनी — माझ्या सासऱ्यांनी — सोलापुराहून एक खण आणला. अंजिरी रंगाचा, काठाला पिवळं रेशीम. इंग्रजी हद्दीतून आपल्या मुलखात येताना करोडगिरीचा नाका लागायचा, झडती व्हायची. मामंजींनी तो खण पागोट्याच्या घड्यांत गुंडाळून डोक्यावरून आणला. घरात आल्यावर पागोटं सोडलं, तर आत्याबाईंनी आधी दार लावून घेतलं, मगच हसल्या.

मामंजींनी खण माझ्यापुढं टाकला. "तू शिव," म्हणाले. मी! मशीनवर बसून मला वर्षही झालं नव्हतं. चोळी शिवली, आणि तिची बाही — काय सांगू तुम्हाला — अशी बसली की कौसाच्या दंडावर रंग दिल्यासारखी. एक चुणी नाही. चिमटीत धरायचं म्हटलं तर कापड सापडू नये. दिवसभर मी तिला हात वर करायला लावायची, खाली करायला लावायची. ती वैतागायची. मी तिच्याहून एकच वर्षानं मोठी, पण वहिनी ना! तेवढा हक्क बजावायची.

दुसरी ऐट कात्रीची. माझ्या वडलांनी दिलेली, माहेरची, पातळ पात्याची कात्री. सासरी कुणी तिला हात लावलेला मला खपायचा नाही. कुणी तरटं कापायचं, कुणी वात कापायचं, धार जायची. म्हणून ती मी कायम कमरेच्या ओच्यात खोचून फिरायची. झोपतानाच तेवढी काढून ठेवायची. सरदारीणच की नाही! तलवार लावूनच स्वयंपाकघरात जायची.

त्या दिवशी गुऱ्हाळात तिसऱ्या प्रहराची वेळ. काहिलीतला रस घट्ट होत आला की चार गडी ती उचलून गुळाच्या वाफ्यात ओततात. बाया पळसाचे द्रोण घेऊन काकवीसाठी उभ्या होत्या. कौसा मागं होती. मी तिला पुढं ढकललं. "उजेडात उभी ऱ्हा की, बाही दिसू दे," म्हणाले. आणि एका गड्याचा पाय चिखलात सरकला.

उकळता रस कौसाच्या उजव्या हातावर आला. खांद्यापासून कोपरापर्यंत.

नशिबानं — हो, नशिबानंच म्हणते, आम्ही त्या नशिबाचं काय केलं ते पुढं ऐका — सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर कासीमसाहेब तिथंच होते. देवी टोचायला गावात आलेले, रस प्यायला टेकलेले. हातातला पेला टाकून ते धावले. "पानी! पानी डालो!" घागरीच्या घागरी ओतायला लावल्या. मग म्हणाले, "कैंची लाओ कुणीतरी. कपडा आत गरम आहे, अजून जाळतोय. कापायला पायजे."

आता तुम्हीच सांगा, एवढं ऐकल्यावर माणसानं काय करावं? आमच्या गावानं काय केलं? एक म्हातारा पुढं झाला आणि कडाडला, "बाईमाणसाची चोळी कापतो म्हंजे काय? आब हाय का न्हाय?" आब! पोर तिथं तळमळतीय, आणि ह्यांचा आब! दोन बायांनी लगेच घोंगडं आडवं धरलं. एकानं कोयता पुढं केला. कासीमसाहेबांनी तो फेकून दिला — बाही एवढी घट्ट, कोयता कापडाखाली जाणार कुठून? पातळ कात्रीच सरकली असती. बिचाऱ्यांनी वाद घातला नाही. घोंगड्याकडं पाठ केली आणि ओरडून सांगायला लागले, "बाई, तुम्ही कापा. खालून वर कापा. चिकटलं असंल ते तसंच ऱ्हाऊ द्या. पण खेंचू नका! खेंचू नका, बाई!"

घोंगड्याच्या आत मी होते. कौसाचं डोकं माझ्या मांडीवर, तोंड माझ्या पोटाशी दाबलेलं. शिंप्याची सून, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. शेजारच्या फडातून धावत आलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "अगं, तुझी कात्री?"

आणि मी म्हणाले — "कात्री घरी राहिली."

झालं. हेच ते. एवढ्या तीन शब्दांचं खोटं मी आजवर पोटात घेऊन बसले होते.

कात्री ओच्यातच होती. मला ठाऊक होतं. विसरले नव्हते, घाबरून बोबडीही वळली नव्हती. बाहीकडं बघितलं, ती शिवण बघितली, आणि मनात आलं — ही उभी कापायची? असा खण परत मिळायचा नाही, अशी बाही परत बसायची नाही. हा सगळा विचार करायला किती वेळ लागला असेल? तुमची पापणी लवते तेवढा. तेवढ्यात मी माणूस आणि कापड तोलून बघितलं आणि कापड उचललं.

आमचे मालक — कौसाचे सख्खे थोरले भाऊ — घोंगड्याच्या पलीकडून म्हणाले, "म्या आणतो!" आणि पळत सुटले. घर चार शेतं पलीकडं. नसलेली कात्री आणायला माझा नवरा उसाच्या फडातून धावत गेला, आणि मी त्यांना हाक मारली नाही.

ते येईस्तोवर थांबलेही नाही. थांबले असते तर कुणीतरी पुन्हा कोयता आणला असता, नाहीतर दातानं फाडली असती. मी पुढची गाठ सोडली आणि बाही हातातून ओढून काढली. कौसा जशी ओरडली तसं मी परत कधी कुणाला ओरडताना ऐकलेलं नाही. नंतर माझी स्वतःची आठ बाळंतपणं झाली, त्यातही नाही. बाहीबरोबर काय निघून आलं ते मी सांगणार नाही. तुम्ही समजून घ्या. पलीकडून कासीमसाहेब विचारत होते, "खेंचलं काय? खेंचलं काय, बाई?" मी म्हणाले, "न्हाई, आपसूक निघाली." हे दुसरं खोटं.

तिसरं घरी केलं. मालक गुऱ्हाळात रिकाम्या हातानं परत आले होते, धाप लागलेली, पायात काटे. "समदं घर पालथं घातलं. न्हाय घावली," म्हणाले. संध्याकाळी मी ओच्यातली कात्री हळूच काढली आणि मशीनवर ठेवून दिली. उघड्यावर, कुणालाही दिसेल अशी. मालकांना ती दिसली. त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. "हितंच हुती की गं! माझे डोळे फुटले हुते का?"

मी भाकरी थापत होते. थापतच राहिले.

आणि ऐका — त्या रात्री आत्याबाई चोळी उलटसुलट करून बघत म्हणाल्या, "चोळी तरी वाचली." ह्या घरात, त्या वेळी, पोरीच्या कण्हण्यात, चोळी! मला आज आठवलं तरी अंगाचा तिळपापड होतो. पण खरं सांगायचं ठरवलंय ना? मग हेही सांगते. ते ऐकून मला क्षणभर बरं वाटलं होतं. शिवण कुठंच उसवली नव्हती.

पाहुण्यांना निरोप गेला, येऊ नका. जखम भरायला सहा महिने लागले, आणि भरताना हात कोपरात वाकला तो वाकलाच. पदर डोक्यावर घ्यायला डावा हात. विहिरीतून घागर ओढायला डावा हात. दोन्ही हातांनी भाकरी थापणं तिला परत कधी जमलं नाही. एका हातानं थापायची, जाडजूड, आणि त्याबद्दल सासरी बोलणी खायची. सासर म्हणजे तिच्या दुप्पट वयाचा बिजवर. कौसासारख्या पोरीला! पन्नास ठिकाणं चालून आली असती तिला. आणि ती चोळी? आत्याबाईंनी दोन वर्षांनी कुणाच्या तरी ओटीत घातली. त्या बाईला बाही घट्ट झाली म्हणे.

कासीमसाहेब पुढं गावात आले की आधी कौसाचा हात बघायचे. बोटांनी हळूहळू सरळ करायला बघायचे, जमायचं नाही. "माझीच चूक," म्हणायचे. "मी पाठ करायला नको होती." त्यांची चूक! ज्या एका माणसाला काय करायचं ते ठाऊक होतं, त्याला गावानं घोंगड्यापलीकडं उभं केलं आणि मी आतून फसवलं, आणि चूक त्यांची! मी त्यांना पाणी द्यायची, गूळ द्यायची.

मालक तर जन्मभर ते ओझं घेऊन फिरले. दिवाळीला बहीण आली की तिच्या हाताकडं बघायचे नाहीत. घरात कुणाची कसलीही वस्तू सापडेनाशी झाली की हेच आधी उठायचे, सगळ्या फडताळांतून हात फिरवायचे, आणि मिळाली की जरुरीपेक्षा जास्त वेळ हातात धरून बसायचे. शेवटच्या आजारपणात एकदा म्हणाले, "कात्री मशीनवर हुती गं. म्या मशीन बघितलं हुतं." अगदी बरोबर म्हणत होते. त्यांनी मशीन बघितलं होतं. तेव्हा तरी मी तोंड उघडावं की नाही? मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

कुणी म्हणेल, आजी, तेव्हा तुम्ही पोरच होता. कासीमसाहेबांचं सांगणं समजण्याइतकी मोठी होते. कुणी म्हणेल, काळ तसा होता, कापड मिळत नव्हतं. मिळत नव्हतंच. पण मग कौसाच्या हाताला तेवढं कातडं कुठल्या दुकानात मिळणार होतं?

मालक गेले. तेराव्याला कौसा आली होती. जेवणं उरकली, पाहुणे पांगले, आम्ही दोघी म्हाताऱ्या ओसरीवर बसलो. तिनं डाव्या हातानं उजवा हात मांडीवर उचलून ठेवला, नेहमीसारखा. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली —

"कात्री माझ्या गालाला टोचत हुती, वैनी. दादा उगंच पळाला."