न बसलेला चटका

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले आणि माझा डावा हात टेबलावर ठेवून घेतला. "कापसाची वात फिरवतोय. जाणवलं की सांगा," ते म्हणाले. मी वाट बघत बसलो. बराच वेळ झाला तरी काही होईना, तेव्हा मीच विचारलं, "करताय ना सुरू?" डॉक्टर म्हणाले, "उघडा डोळे. माझं झालंसुद्धा."

मग त्यांनी माझ्या कोपराची आतली बाजू चाचपली. कोपर कशावर आपटलं की जी शीर करंगळीपर्यंत झिणझिण्या पाठवते, तिला अल्नर नर्व्ह म्हणतात. माझी ती शीर सुतळीएवढी जाड झाली होती. डॉक्टरांनी हात धुतले, खुर्ची ओढली आणि साध्या आवाजात सांगितलं, "हा महारोग आहे."

त्यावर मी विचारलेला पहिला प्रश्न लिहायची लाज वाटते. घरी बायको होती, तीन वर्षांची मुलगी होती, आणि मी विचारलं, "म्हणजे मोटरसायकल बंद?"

हे वेड जुनं होतं. शाळेत असताना अंधेरीच्या रस्त्यावरून एका साहेबाची मोटरसायकल गेली आणि मी दप्तरासकट तिच्यामागे वर्सोव्याच्या कोळीवाड्यापर्यंत धावलो. तिथे सुकत घातलेल्या बोंबलांपाशी ती उभी होती. मी तिच्याभोवती इतक्या फेऱ्या मारल्या की साहेबाने मला हाकलून दिलं. नोकरी लागल्यावर एकामागून एक दोन जुन्या गाड्या घेतल्या आणि दोन्ही वापरून वापरून संपवल्या. तिसरी लष्कराने मोडीत काढलेली, साडेतीनशे सी.सी.ची विलायती. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हा. काय आवाज होता तिचा! सकाळी स्टुडिओतल्या कचेरीत जायला निघालो की गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "साडेनऊ वाजले."

आजार आधी या गाडीनेच दाखवून दिला होता, पण मला तो कळला नाही. क्लच जड वाटायला लागला. डावी मूठ पूर्ण आवळली जात नव्हती. दुसरा कुणी हाताची तक्रार घेऊन डॉक्टरकडे गेला असता. मी गेलो पास्कूच्या गॅरेजात. पास्कू माझा मेकॅनिक आणि जिवलग दोस्त. आम्ही केबल बदलली, तेल घातलं, क्लचच्या स्प्रिंगा ढिल्या केल्या. अख्खा महिना निरपराध गाडीची चिरफाड चालली होती, आणि बिघाड सीटवर बसलेला होता.

त्यातच एकदा गॅरेजात खाली वाकून बघताना माझा हात सायलेन्सरवर टेकला. पास्कू ओरडला, "अरे, हात काढ! जळतोय!" करंगळीखालची कातडी जळल्याचा वास येत होता आणि मला पत्ताच नव्हता. दुखलं नाही म्हटल्यावर पास्कूचे डोळे मोठे झाले. "वाघ आहेस यार तू!" तो म्हणाला. आता हा मूर्खपणा ऐका. मला ते आवडलं. पुढे दोन आठवडे कुणी ओळखीचं गॅरेजात आलं की मी तापलेल्या सायलेन्सरवर मुद्दाम हात टेकवून दाखवायचो. लोक वाहवा करायचे आणि मी फुगायचो. शेवटी तो फोड चिघळला, तेव्हा माझी बायको इंदू मला ओढत डॉक्टरकडे घेऊन गेली. म्हणून हे वाचणाऱ्याला हात जोडून सांगतो: भाजलं आणि दुखलं नाही, तर मिशीला पीळ देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पुढच्या आठवड्यात मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली. स्किन स्मिअर म्हणजे कानाच्या पाळीला बारीकशी चीर देऊन तिथला द्राव काचेवर घेतात आणि त्यात जंतू दिसतात का ते बघतात. बाकावर आम्ही पंधरावीस जण होतो आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या हाताकडे चोरून बघत होता. माझ्या काचेवर जंतू सापडले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, "तुमचा प्रकार ट्युबरक्युलॉइड आहे. तुमच्या शरीरानेच जंतूंना दाबून ठेवलंय. तुमच्यापासून दुसऱ्याला होण्याची भीती नाही. डी.डी.एस.च्या गोळ्या मात्र काही वर्षं घ्यायच्या." मी पुन्हा गाडीचं विचारलं. ते हसले. "जंतू मी मारतो. हात तुम्ही सांभाळायचा. त्याला कळत नाही, म्हणून रोज संध्याकाळी डोळ्यांनी बघायचा. सहा महिने गाडी नाही, मग बघू."

भीती नाही हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. माझ्या सासऱ्यांना ते कोण सांगणार? अप्पा घाटकोपरच्या शाळेत हेडमास्तर. बातमी कळताच अंधेरीला आले, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, पाण्याला नको म्हणाले आणि चार दिवसांसाठी म्हणून इंदूला आणि मीनाला घेऊन गेले. इंदूचा पाय निघत नव्हता. पण मुलीला काही झालं तर, हा प्रश्न अप्पांनी विचारला आणि मीच मीनाचे कपडे पिशवीत भरले. त्या चार दिवसांचं वर्ष झालं. ते घर मला खायला उठायचं. मी मोठ्याने रडलोसुद्धा आहे, आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही.

इंदूचं दर आठवड्याला पत्र यायचं. हाताला नवा फोड आहे का, गोळ्या चुकल्या का, मूठ किती आवळते. तिला कळवायचं म्हणून मी मुठीत कापडाची गुंडाळी धरून आवळायचा व्यायाम करायचो. मूठ हळूहळू सुधारली. बधिरपणा तेवढा राहिला, तो आजही आहे. सहा महिने झाले आणि डॉक्टर म्हणाले, "हातमोजे घालून, हळू, चालवून बघा." मी जिन्याच्या पायऱ्या कशा उतरलो आठवत नाही! पास्कूने क्लचची दांडी चार बोटं लांब करून दिली होती, म्हणजे कमी जोर लागेल. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. मी मरोळपर्यंत गेलो आणि वाटेतल्या भातखाचरांना ऐकू जाईल असा आरडाओरडा केला.

तरी मागची सीट रिकामीच होती. डॉक्टरांनी अप्पांना दोन चिठ्ठ्या पाठवल्या. कागदावर विश्वास ठेवतील तर ते हेडमास्तर कसले! अखेर इंदूनेच त्यांना सुनावलं, "अप्पा, मुलांना म्हणता ना, शंका असेल तर उभं राहून विचारा? मग जा आणि विचारा."

अप्पा बसने दवाखान्यात आले. मी गाडीवरून. तासभर त्यांनी डॉक्टरांची तोंडी परीक्षा घेतली. शेवटी मान हलवून म्हणाले, "माझी शंका फिटली." डॉक्टर मोठे खट. त्यांनी माझा डावा हात हातात घेऊन दाबला आणि म्हणाले, "मग मास्तर, बसची वाट कशाला बघता? जावयांच्याच मागे बसा ना." अप्पांना नाही म्हणायला जागाच उरली नाही.

ते बसले, पण माझ्यात आणि त्यांच्यात वीतभर अंतर ठेवून. छत्री काखेत, टोपी खिशात आणि दोन्ही हात मागच्या कडीला. डॉक्टरांसमोर फिटलेली शंका शरीरातून अजून गेली नव्हती, हे मला पाठमोऱ्यानेही कळत होतं. मी बैलगाडीच्या चालीने निघालो. पण शीव सोडल्यावर रस्ता मोकळा मिळाला आणि माझा स्वभाव आडवा आला. मी गाडी ताणली.

कुर्ल्याजवळ वळण घेतलं आणि समोर म्हशीच म्हशी. मी ब्रेक दाबला, डावी मूठ आवळली आणि ती पूर्ण आवळली गेली. गाडी पहिल्या म्हशीपासून हातभर अंतरावर थांबली. त्याच क्षणी दोन हात माझ्या पोटाला करकचून आवळले गेले आणि अप्पांचा गाल माझ्या पाठीला चिकटला. छत्री रस्त्यावर पडली.

म्हशी सावकाश गेल्या. मी छत्री उचलून अप्पांकडे दिली. ती काखेत मारून त्यांनी पुन्हा मला मिठी मारली.

"अप्पा, म्हशी गेल्या," मी म्हटलं.

"दिसतंय मला. चला."

घाटकोपरपर्यंत ते हात सुटले नाहीत. वर्षभरात मला कुणी असं धरलं नव्हतं. मी मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. माझे डोळे भरून आले होते आणि मी हसतही होतो.

इंदू मीनाला कडेवर घेऊन दारातच उभी होती. अप्पा उतरले. खिशातली टोपी काढून डोक्यावर नीट बसवून ते हेडमास्तरी आवाजात म्हणाले, "इंदू, सामान बांध. आणि मागे बसशील तेव्हा यांना दोन्ही हातांनी घट्ट धर. फार जोरात हाणतात."