म्हाताऱ्याची खुर्ची

राजकारण हा विषय मला मुळात आवडत नाही. आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या एका निवडणुकीवरून दोन सख्ख्या चुलतभावांनी एकमेकांच्या घरचं गणपतीचं जेवण बंद केलं, ते अजून बंदच आहे. तेव्हापासून उमेदवार दारात आला की मी मागच्या दाराने बाहेर पडतो. असा मी, आणि पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशाच्या विरोधी पक्षनेत्याची सगळी कारकीर्द मला तोंडपाठ आहे.

ती मला माझ्या खोलीतल्या सोबत्याने शिकवली. आखातातल्या एका बेटावर, हिद्दला, बंदराजवळच्या गोदामात मी स्टोअरकीपर, तो गेटवर वॉचमन, आणि कंपनीच्या कॅम्पात दोघांना मिळून एक खोली. त्याआधी मी बायको-मुलासह ईसा टाउनला फ्लॅटमध्ये राहायचो. मराठीत काही विचारलं की मुलगा इंग्रजीत उत्तर द्यायचा आणि मी चिडायचो. अकरावीसाठी तो पुण्याला गेला, त्याच्यामागून बायको गेली, आणि मी दोन बॅगा घेऊन कॅम्पात आलो. आता चिडायलाही कोणी उरलं नव्हतं.

सोबत्याच्या खाटेच्या वर, भिंतीवर, एका चष्मेवाल्या म्हाताऱ्याचा फोटो चिकटवलेला होता. मला वाटलं वडील असतील. तो म्हणाला, "नो भाऊ. फादरपेक्षा मोठा." भाऊ हा शब्द त्याने गोदामातल्या मराठी पोरांकडून उचलला होता. आमचं बोलणं इंग्रजी, हिंदी आणि अरबीची खिचडी असायचं, पण म्हाताऱ्याचा विषय निघाला की तो फक्त इंग्रजीत आणि सावकाश बोलायचा.

म्हातारा आधी गणिताचा मास्तर होता. शिक्षकांचे पगार थकले तेव्हा तो राष्ट्राध्यक्षांविरुद्ध बोलला आणि त्याची नोकरी गेली. मग त्याने पक्ष काढला, निवडणूक लढवली आणि हरला. तुरुंगात गेला, बाहेर आला, परत हरला. एकदा जिवाच्या भीतीने रातोरात शेजारच्या देशात पळाला, परत आल्यावर लोकांनी त्याला विमानतळापासून खांद्यावरून नेलं, आणि त्यानंतर तो तिसऱ्यांदा हरला. मी म्हटलं, आमच्याकडे दोनदा पडलेला माणूस गप पतपेढी काढतो. त्याला पतपेढी काही कळली नाही, पण मी म्हाताऱ्याची टिंगल करतोय हे कळलं, आणि त्या शुक्रवारी त्याने मला न विचारता भातात दुप्पट मिरची घातली.

हळूहळू मला समजलं की हे नुसतं वेड नाही. तो त्या पक्षाच्या तरुणांच्या शाखेत होता. एका सभेत पोलिसांशी झटापट झाली आणि पकडायच्या यादीत याचंही नाव लागलं. हा सीमा ओलांडून पळाला आणि एजंट गाठून इथे आला. म्हातारा सत्तेवर येईपर्यंत त्याला घरी पाऊल टाकता येणार नव्हतं. घरी एकटी आई होती. ती बाजारात सुके मासे विकायची. फोनवर तिचा आवाज खोलीभर ऐकू यायचा. मला त्यांची भाषा येत नाही, पण शेवटी ती जे विचारायची ते दर वेळी तेच असायचं, आणि हा दर वेळी तेच उत्तर द्यायचा. एकदा मी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, "ती विचारते, केव्हा? मी सांगतो, इलेक्शननंतर."

म्हातारा जिंकला की माझी खोली रिकामी होणार, हे मला तेव्हाच कळलं. संध्याकाळी कामावरून आल्यावर "भाऊ, टी?" असं विचारणारं दुसरं कोणी या बेटावर नव्हतं. तरी मतदान जवळ आलं तसा मीही त्याच्या फोनमध्ये डोकं घालून बातम्या बघायला लागलो.

मतदानाच्या आदल्या दिवशी तो जेवेना. मला त्याची दया आली आणि थोडी गंमतही सुचली. मी खालच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, नारळ आणला. आमच्या तळकोकणात काही मोठं मागायचं असलं की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्याने मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मी त्याला तेवढे दोन शब्द शिकवले. ते त्याला पहिल्या फटक्यात जमले.

"बा देवा म्हाराजा," मी सुरू केलं, "समुद्रापलीकडल्या मुलखातला ह्या तुझा लेकरू आज तुझ्या पायाशी गाऱ्हाणा घालता."

"व्हय म्हाराजा."

"ह्याच्या म्हाताऱ्याच्या वाटेत काय आडकाठी आसात ती दूर कर."

"व्हय म्हाराजा."

"आणि तेका खुर्चेर बसय रे म्हाराजा."

त्याने अर्थ विचारला. मी सांगितला. मग तो एवढ्या मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणाला की शेजारच्या खोलीतला केरळी फोरमन दार ठोठावून गेला.

म्हातारा चौथ्यांदा हरला. मतमोजणीत घोटाळा झाला म्हणून तिकडे बोंब उठली, लोक रस्त्यावर उतरले, महिनाभर रोज काहीतरी जळत होतं. आणि मग एका दुपारी गेटवर, ड्युटीवर असतानाच, त्याच्या फोनवर फोटो आला. देशाच्या ऐक्यासाठी म्हणे समझोता झाला होता. म्हातारा त्याच राष्ट्राध्यक्षांच्या शेजारी मंत्री होऊन बसला होता. खुर्ची नक्षीची होती, राष्ट्राध्यक्षांच्या खुर्चीपेक्षा चार बोटं ठेंगणी. म्हातारा हसत होता.

मी बायकोला फोनवर हे सांगितलं. ती आता गावच्या घरी राहते. तिला सोबत्याची सगळी हकीकत ठाऊक होती, गाऱ्हाण्याचीसुद्धा.

"तुमी खुर्ची म्हणालात," ती म्हणाली. "पण खयची ता सांगलात?"

मला हसू आलं आणि लाजही वाटली. आमच्या देवाकडे शब्द मोजूनमापून ठेवावे लागतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आणि ऐन वेळी विसरलो. मी मागितलं ते देवाने बरोबर दिलं होतं. सोबत्याला मात्र यातलं काहीच मी सांगितलं नाही.

समझोत्यात एक कलम असं होतं की पक्षाच्या कार्यकर्त्यांवरचे खटले मागे घ्यायचे. म्हणजे आता याला घरी जायला कोणी अडवणार नव्हतं. कॅम्पातल्या लोकांनी त्याचं अभिनंदन केलं. कोणी म्हणालं मबरूक, कोणी म्हणालं मिठाई आण. तो खोलीत आला, त्याने फोटोच्या चिकटपट्ट्या नखाने एकेक करून सोडवल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. त्या आठवड्यात आईचा फोन वाजला की तो तसाच वाजू द्यायचा.

"मी त्या राष्ट्राध्यक्षाच्या माफीवर घरी जाणार नाही," शेवटी एका सुट्टीच्या सकाळी तो म्हणाला. तरुण कार्यकर्ते फुटून नवा पक्ष काढताहेत, पुढच्या निवडणुकीला ते उभे राहतील, तेव्हा जाईन, असं त्याचं म्हणणं होतं.

खरं म्हणजे मी खूश व्हायला हवं होतं. तो राहणार होता. चहाला माणूस राहणार होता. पण मला कुठून कोण जाणे, भयंकर राग आला.

"म्हणजे आता नवा म्हातारा शोधणार?" मी ओरडलो. "आणि तो जिंकेपर्यंत आई थांबेल? ती काय तुझ्या नेत्यासाठी थांबली होती? ती तुझ्यासाठी थांबलीय. तिला कुठे पक्ष आहे?"

हे मी हिंदीत बोललो की इंग्रजीत, आठवत नाही. त्याला समजलं एवढं खरं. दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसात जाऊन व्हिसा कॅन्सल करायला सांगितलं आणि संध्याकाळी आईला फोन लावला. यावेळी पलीकडून प्रश्न आला नाही. बराच वेळ ती नुसती रडत होती. मी बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो. आपल्या हातांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता आणि तक्रार करायला तोंड नव्हतं.

विमानतळ हिद्दहून जवळच. दुपारचं विमान होतं. कंपनीच्या पिकअपमधून मी त्याला सोडायला गेलो. त्याने नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा तशाच दिसत होत्या. मी सांगायचं म्हणून सांगितलं, पोहोचलास की फोन कर, राजकारणात पडू नकोस, आईला जप. तो हो हो करत होता. मग आत जायच्या दाराशी ट्रॉली थांबवून तो वळला.

"भाऊ, युवर केस व्हॉट?"

मला कळलं नाही. त्याला वाटलं माझं इंग्रजी अडलं, म्हणून त्याने सावकाश, म्हाताऱ्याबद्दल बोलायचा तसं, पुन्हा विचारलं. माझ्यावर केस होती, ती मागे घेतली, मी चाललो. तुझ्यावर कुठली केस आहे? तू घरी गेलास तर कोण पकडणार तुला?

"मफी," मी अरबीत म्हणालो, म्हणजे नाही. "नो केस."

तो थांबला. पुढे मी आणखी काही सांगेन असं त्याला वाटलं असावं. माझ्या मुलाला पुण्यात नोकरी लागून बरीच वर्षं झाली, हे त्याला माहीत होतं, त्यामुळे शिक्षणाचं नाव मला घेता आलं नाही. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला आणि तो आत गेला.

मी पार्किंगमध्ये येऊन बसलो. इंजिन चालू केलं, एसी लावला, पण गाडी काढली नाही. बायकोचा फोन आला.

"गेलो काय तो?"

मी हो म्हटलं. ती त्याच्या आईबद्दल चार शब्द बरं बोलली. मग मी वाट पाहिली, आता ती विचारेल, आणि तुमी केव्हा येतास?

तिने ते विचारणं कधीचं सोडून दिलं होतं.