जेवाहिरेने माइक बंद केला

आमच्या कोसोवोतल्या गावात जेवाहिरेचा आवाज ओळखत नाही असं घर नाही. लग्न, मयत, बंद पडलेला रस्ता, सगळं लोकांना तिच्याकडूनच रेडिओवर कळायचं. गावचा एक तरुण सीरियात जिहादी गटाकडून लढताना मेला, तेव्हा राजधानीतल्या वाहिन्यांनी त्याचा बंदूक उंचावलेला व्हिडिओ दिवसभर दाखवला. जेवाहिरेने त्यातलं एक वाक्यही ऐकवलं नाही. "त्यांची फुकट जाहिरात करायला मी बसलेली नाही," म्हणाली.

उलट तिने गावातल्याच श्पेंदला कार्यक्रमात बोलावलं. तो तिकडून परतलेला, त्यासाठी तुरुंगवास भोगलेला. रेडिओ स्टेशनचे मालक हादरले. "ताई, स्टेशन जाळतील!"

"जाऊन आलेला गप्प बसला, तर न गेलेलेच बोलत राहतील."

कार्यक्रम थेट होता. यंत्रांपाशी मी होतो. श्पेंद खाली मान घालून सांगत होता, "धर्मासाठी गेलो आणि संडास खणत बसलो. घरी जातो म्हटलं, तर आपल्याच माणसांनी कोंडून मारलं."

तेवढ्यात फोन आला. गोड, शांत आवाज. "गद्दारा, आईला सांभाळ. बाजारात एकटीच जाते ना ती?"

श्पेंद पांढराफटक पडला. मी फोन तोडणार, तोच जेवाहिरेने मानेनेच नको म्हटलं.

"भाऊ, तुम्ही तिकडे कधी गेला होतात?"

तिने लगेच पुढचं विचारलं.

"मुलांना तरी पाठवलंत?"

"माझं काम इथे आहे!" तो गुरकावला.

श्पेंद ताडकन उठला. "हा आवाज ओळखतो मी! यानेच माझं तिकीट काढलं. याचं नाव..."

जेवाहिरेने खटकन त्याचा माइक बंद केला. मी घाईघाईने फोन तोडून गाणं लावलं.

"तूही त्यांचीच!" श्पेंद ओरडला. "घाबरलीस!"

"घाबरलेच. नाव गेलं असतं, तर संध्याकाळपर्यंत त्याचं घर पेटलं असतं. आत बायकापोरं असतील. आणि तुझी ओळखण्यात चूक झाली असेल तर? नाव पोलिसांना सांग. चल, मीही येते."

त्याच आठवड्यात स्टेशनच्या काचा फुटल्या. श्पेंदची आई बाजारात जायची, तेव्हा जेवाहिरे सोबत चालायची. पुढे खटला उभा राहिला. आवाज श्पेंदने पोलिसांना सांगितलेल्याच माणसाचा निघाला.

त्याआधीच एक बाई स्टेशनवर आली होती. तिचा लेक सीरियाला जायला बॅग भरून बसला होता. "'माझं काम इथे आहे' ऐकलं आणि बॅग तशीच सोडून बसलाय. श्पेंदशी बोलायचं म्हणतो."

दोघं भेटत राहिले. पोरगा गेला नाही.

"ताई, केवढी बातमी आहे ही!" मी म्हटलं.

"त्या पोराला याच गावात राहायचंय रे," ती म्हणाली, आणि बंद पडलेल्या रस्त्याची बातमी वाचायला आत गेली.