पराटीचा धूर

"हाऊ वास ते पराटीना धूरना शे," काउंटरच्या पलीकडून कुणीतरी हळूच म्हणालं.

मी ग्लास पुसत होते. हात थांबला. नाशिकला येऊन वर्ष झालं होतं आणि वर्षभरात ही अहिराणी बोली कानावर पडली नव्हती.

बोलणारी सत्तरीची बाई होती. धुळ्याहून मुलगा-सुनेबरोबर त्र्यंबकला दर्शनाला आलेली. परतताना मुलाने गाडी आमच्या वायनरीकडे वळवली होती. "मी काही पिणार नाही," असं तिने आल्या आल्या जाहीर केलं होतं, पण मुलाचा ग्लास नाकाशी नेलाच.

"अक्का, इथं तरी पराटी सोड," मुलगा हसला. सूनही हसली.

माझ्या सिनियरने नम्रपणे त्या वाइनचं माहितीचं कार्ड पुढे केलं. "मावशी, हा तंबाखूचा आणि चामड्याचा सुगंध आहे. बघा, इथे लिहिलंय."

अक्कांनी ग्लास खाली ठेवला, पदर सारखा केला आणि अगदी जपून, शुद्ध मराठीत म्हणाल्या, "असेल. मला काय कळतं त्यातलं."

शाळेच्या गेटपाशी माझी आई अशीच बोलायची. जळगावला घरी ती माझ्याशी शुद्ध बोलायची आणि स्वयंपाकघरात बाबांशी अहिराणीत. बोली मला सगळी कळायची, पण मी ती कधी बोलले नाही. इंग्रजी शाळेत घातलेल्या मुलीची जीभ बिघडू नये, असं ठरलेलं होतं.

एरंडोलजवळ मामाचं शेत होतं. हिवाळ्यात कापूस वेचून झाला की कपाशीची वाळलेली झाडं, म्हणजे पराटी, बांधाला रचलेली असे. एखाद्या रविवारी आम्ही सगळे जायचो. हिरवी, पांढुरकी वांगी ओळीने मांडायची, वर पराटी टाकून पेटवायची. पराटी तडतडत जळते आणि तिच्या धुराला किंचित गोड, कडवट वास असतो. मामी गरम वांगी सोलून लाकडी बडगीत मिरच्यांबरोबर कुटायची. मी लांब उभी राहिले की मामा म्हणायचा, "इंग्लिशवाली, हात काळा कर्‍याबिगर भरीत गोड लागत नही." मग मीही बसायचे सोलायला. नखांत राख जायची.

एका सोमवारी वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीने शेजारणीला इंग्रजीत सांगितलं, हिच्या वेणीला धुराचा वास येतो. मला ऐकू येईल अशा बेताने. पुढच्या वेळी मी शेतात डोक्याला स्कार्फ बांधून बसले. त्यानंतर परीक्षा आहे, क्लास आहे, असं काहीबाही सांगून जाणंच बंद केलं. आता मामा ट्रॅक्टरने पराटी शेतातच बारीक करून टाकतो. भरीत ढाब्यावरून पार्सल येतं. त्याला तो वास नसतो.

वायनरीत पहिल्या दिवशी कुणी विचारलं, कुठली? मी म्हणाले, इथलीच. तेव्हापासून पार्किंगमध्ये जळगाव-धुळ्याची गाडी दिसली की मी आतल्या बाजूचं काम मागून घ्यायचे. अक्का आल्या त्या दिवशी नेमकं कुणीतरी सुटीवर होतं, म्हणून मी काउंटरवर होते.

ही वाइन मी पहिल्यांदा हुंगली तेव्हा मला मामाचा बांध दिसला होता. ती ज्या लाकडी पिंपात मुरते ते आतून जाळून घेतात, हे नंतर शिकवलं गेलं. तरी काय वास येतो असं विचारल्यावर मी कार्डावरचंच वाचलं होतं, तंबाखू.

सिनियर दुसरी बाटली उघडत होता. मुलगा मोबाइलवर फोटो काढत होता. अक्का स्वतःच्या हातांकडे बघत बसल्या होत्या. मला वाटलं, आता गप्प राहिले तर त्या कुणासमोर पुन्हा असं काही बोलणार नाहीत. आणि मीही नाही.

मी तोच ग्लास उचलून त्यांच्यासमोर ठेवला. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

"अक्का, तुमनं खरं शे. पराटीनाच वास शे हाऊ."