चिखलातली घरमालकीण

गिरगावातली खोली विकून आम्ही शहराबाहेर, खाडीजवळच्या शांती नगरात फ्लॅट घेतला, ते नव्वद सालाच्या आसपास. सासूबाईंना इथलं काही म्हणता काही पटेना. शेजारीपाजारी हिंदीतून विचारपूस करतात, मासळी शिळी मिळते, वारासुद्धा खारट. शेवटी त्यांनी जाहीर केलं की येत्या रविवारी आपण परळला, धाकट्याकडे चाललो, आणि ते कायमचं. त्या गेल्या की माझी नोकरी सुटणार हे उघड होतं. पोरीला सांभाळणार कोण? शिवाय भांडायला तरी मला दुसरं कोण होतं?

त्या वयात मी स्वतःला फार हुशार समजायचे. घोडबंदरच्या खाडीत ओहोटीला चिखलात भोकं दिसतात आणि त्यांत कोळंबी असते, एवढं कुठूनसं ऐकलेलं. म्हटलं, ताजी कोळंबी खाऊ घातली की म्हातारी विरघळेल. शनिवारी आधी वाटण वाटून ठेवलं आणि मग कोळंबी पकडायला निघाले. आमचा हा क्रम! सासूबाईंनाही बरोबर ओढलं.

पदर खोचून, उलथनं घेऊन मी चिखलात उतरले. एक भोक उकरून कोपरापर्यंत हात घातला, तर हातभर लांबच्या दुसऱ्याच भोकातून पाणी उडालं. बिळाला दोन तोंडं. तिकडे धावले ती घसरून बसलेच. तेवढ्यात वाटेने जाणारी गावातली एक बाई हसत सांगून गेली की ही कोळंबी कोणी खात न्हाय, गळाला लावतात.

बांधावर बसलेल्या सासूबाई मात्र म्हणाल्या, "अगं, हलू नकोस. काम करू दे तिला."

मी ढासळवलेल्या तोंडाशी बोटाएवढी, मळकट कोळंबी आली होती. पुढच्या पायांत चिखलाचा गोळा, तान्हं मूल धरावं तसा. तो तिने बाहेर ढकलला, आत गेली, पुन्हा नवा गोळा घेऊन आली. उकरलेल्या जागी बिळाची भिंत दिसत होती. इतकी गुळगुळीत लिंपलेली की मला जन्मात तसं सारवता आलं नसतं. दोघी बघत राहिलो.

भरती चढू लागली तरी सासूबाई उठेनात. मी हळूच म्हटलं, "आई, उद्याचं सामान भरायचंय ना?"

"घर मोडलंस तू तिचं," त्या म्हणाल्या. "ती गेली का धाकट्याकडे?"

मी उलथनं धुतलं आणि बांधावर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्या अख्ख्या वर्षात मला सुचलेला तेवढाच शहाणपणा.

रविवारी दीरच इकडे जेवायला आले. जेवण होताच सासूबाई त्यांना खाडीवर घेऊन गेल्या, ‘आमच्या इथली’ कोळंबी दाखवायला.